जेसीबीचा पिवळा

गॅरेजवाल्याने कागदावर साडेचार हजार लिहिले,
पेन कानावर खोचलं
आणि माझ्याऐवजी माझ्या दिराकडे बघितलं.
गाडीच मुळी सहा हजारांची.
खोंडामळीच्या सुपडूआबांची एम-ऐंशी,
चौदा वर्षं दुधाच्या कॅना वाहून
दोन्ही कुशींना पोचे पडलेली.
मला तिच्यावरून पापड न्यायचे होते, शहाद्यापर्यंत.
कागदाची घडी घालून मी घरी आले.

पहिला दिवस नुसता सोडवण्यात गेला.
स्क्रू मुखवासाच्या डब्यात,
नट चहाच्या बशीत,
आणि कुठला कुठे ते लक्षात राहील
हा भाबडा विश्वास.

रॉकेल. मग निरमा. मग ऊन.
मग बादलीत बुडवून पाण्याचा पेपर,
एकशेवीस, दोनशेवीस, चारशे.
हिरव्याखाली निळा निघाला,
निळ्याखाली कंपनीचा लाल,
लालाखाली पत्रा,
उघडा पडल्यासारखा गप्प.
माझ्या बोटांचेही थर निघाले असावेत,
रेशनच्या दुकानातल्या मशीनने
पुढे चार दिवस मला ओळखलं नाही.

डाव्या झाकणाच्या आतून
खिळ्याने कोरलेलं होतं:
गंगी ५, मोरी ३॥,
मास्तर बाकी…
आणि खाली, दोनदा गिरवून, गंगी आटली.
हे वाचलं तेव्हा अर्धं घासून झालं होतं.
मास्तरांकडे किती बाकी होती
ते माझ्या हातून बादलीत गेलं.
तिथे पुढे पेपर फिरवला नाही.
आतून कोण बघतंय.

पोच्यांत लांबी भरली
बंद पडलेल्या एटीएम कार्डाने.
सासरे ओट्यावरून बघत होते.
एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं, पण टायरखात्यात,
रंगातलं त्यांना माझ्याइतकंच कळतं.
तरी दर अर्ध्या तासाने,
"आखो घस व, आखो घस."
मी घासत होते.
मग ते स्वतःच खाली उतरले,
मडगार्डवरून तळहात फिरवला, डोळे मिटून,
आणि काही न बोलता
चहा मागितला.

दुकानात मला निळा हवा होता.
निळा पाव लिटरच उरलेला.
"ताई, पिवळा घ्या, जेसीबीचा.
लांबून दिसतो."
त्याला विकायचा होता, मला परत यायचं नव्हतं.

रईसभाईंचा कंप्रेसर तासाला शंभर.
न्हाणीमागे दोन चादरी टांगल्या,
वरून लग्नातली मच्छरदाणी.
टायरांना वर्तमानपत्र, नाकाला ओढणी.
पहिला हात धुक्यासारखा बसला,
दुसरा सायीसारखा.
मी मनातल्या मनात
गॅरेजवाल्याच्या कानावरचं पेन काढून घेतलं.

आणि वारा फिरला.
फाल्गुनातल्या नंदुरबारात वारा फिरला
की पथारीवरची मिरची गावात शिरते.
डोळे आधी, मग घसा, मग
तीन शिंका, लागोपाठ,
आणि गनचा घोडा दाबलेलाच.
टाकीवरून एक ओघळ निघाला,
सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखा,
आणि अर्ध्यावर थांबला.

मी बोट पुढे केलं.
"हात नको लावजो!" ओट्यावरून आवाज आला.
"सुकू दे आते."
या एका गोष्टीत ते बरोबर होते.

रात्रभर तिला बघायला उठले, तीनदा.
टॉर्चच्या उजेडात पिवळी,
कुणाच्या हळदीतून उठून आल्यासारखी.
सकाळी दिव्याखाली एक मिरचीचं बी
रंगात रुतून पक्कं झालेलं.
नखाने काढता आलं असतं.

रविवारी जोडणी केली.
किक मारली, सोळाव्यांदा लागली.
गल्लीतली पोरं ओरडली, "खोदायला कुठे निघाल्या, काकू?"
मी पापडांची पोती बांधली.

मुखवासाच्या डब्यात
एक स्क्रू उरलाय.
कुठला, ते अजून कळलेलं नाही.
शहादा दोनदा झालं.